वाट चुकलेल्याचं बीजभाषण

आमच्या विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात इंग्रजी बोलायला बंदी नव्हती. तशी वेळच कधी आली नव्हती. विभागप्रमुख शिकवायचे मराठीत, रागवायचे मराठीत. नोट्स सांगताना फक्त ‘कॉमा’ आणि ‘फुलस्टॉप’ तेवढे इंग्रजीत असायचे. ‘फुलस्टॉप’ म्हणताना त्यांचा आवाज असा काही भरून यायचा, की मागच्या बाकावरचेही जागे व्हायचे.

घरी मात्र सगळ्यांचा ठाम समज होता, की पोरगं इंग्रजी शिकतंय. त्यामुळे नाइलाजानं मला ते शिकावं लागलं. वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन मी पाण्याच्या टाकीशी इंग्रजीत बोलायचो. टाकी जरा घुमून का होईना, पण उत्तर द्यायची. विभागात तेवढंही कुणी देत नसे.

त्या वर्षी विभागानं आंतरराष्ट्रीय चर्चासत्र भरवलं. बीजभाषणाला परदेशात नाव काढलेले भाषातज्ज्ञ येणार होते. निमंत्रणपत्रिकेवर त्यांची आद्याक्षरं आणि आडनाव होतं; ते दिसतात कसे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुलगुरू आणि विभागप्रमुख पुष्पगुच्छ घेऊन फाटकाशी उभे राहिले. तेवढ्यात एक उंच, गोरा, घामाघूम झालेला परदेशी माणूस आत शिरला आणि शिपायाला काहीतरी विचारू लागला.

“आले!” कुलगुरू म्हणाले.

त्या माणसानं मान हलवून पाहिली, हात हलवून पाहिले. पण स्वागत समिती ही एकदा सुरू झाली की थांबत नाही. पुष्पगुच्छासकट त्याला सभागृहाकडे ढकलण्यात आलं.

मागोमाग छत्री घेतलेल्या एक साध्याशा बाई आल्या. “मी आजची प्रमुख पाहुणी,” त्या स्वच्छ मराठीत शिपायाला म्हणाल्या.

शिपायानं त्यांना खालून वर न्याहाळलं. “पाहुणे आत गेले. तुम्ही मागं बसा, मावशी.”

अशा रीतीनं बाई शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि फाटकावरची ही हकीकत त्यांनीच मला सांगितली.

व्यासपीठावर तो परदेशी माणूस माइकसमोर उभा होता. शेवटी त्यानं एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत सांगितलं, की मी वाट चुकलोय, माझी गाडी सुटायची वेळ झालीय, स्टेशन कुठे आहे तेवढं सांगा. मला सगळं कळलं. माझ्या अंगावर काटाच आला. दुसऱ्याचं इंग्रजी आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.

विभागप्रमुखांनी माइक घेतला. “पाहुणे म्हणतात, आधुनिक माणूस वाट चुकला आहे. काळाची गाडी सुटते आहे. आपलं स्थानक कोणतं, असा मूलभूत प्रश्न ते आपल्याला विचारत आहेत.”

टाळ्या.

माणूस रडकुंडीला आला. बायको फलाटावर एकटी बसलीय आणि तिचंही तिकीट माझ्याच खिशात आहे, असं तो म्हणाला.

“स्त्री आजही प्रतीक्षेत आहे,” विभागप्रमुख गहिवरले, “आणि तिच्या प्रवासाचा अधिकार पुरुषाच्या खिशात आहे!” समाजशास्त्राचा अख्खा विभाग उभा राहिला.

“इथे कुणाला तरी माझं बोलणं कळतंय का?” माणूस किंचाळला.

“श्रोत्यांच्या आकलनाबद्दल पाहुण्यांनी समाधान व्यक्त केलं आहे.”

माझ्या शेजारच्या बाई छत्रीवर हनुवटी टेकवून हसत होत्या. मी कुजबुजलो, “बाई, त्याची गाडी चुकेल हो. खऱ्या पाहुण्या तुम्ही ना? मग उठा, सांगा की!”

“कशात सांगू? मराठीत सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, आणि इंग्रजीत सांगितलं तर कुणाला कळणार नाही. तूच सांग. तुला निदान तरुणपणाची सबब आहे.”

त्याच आठवड्यात माझी तोंडी परीक्षा होती आणि परीक्षक होते विभागप्रमुख. पण फलाटावर बसलेली ती बाई काही डोळ्यांपुढून हलेना. मी उठलो आणि इंग्रजीत ओरडलो, “बाहेर पडा, डावीकडे वळा, सरळ चालत राहा!”

तो माणूस व्यासपीठावरून उडी मारूनच खाली आला. त्यानं मला कडकडून मिठी मारली, पुष्पगुच्छ माझ्या हातात कोंबला आणि धूम ठोकली.

शेजारच्या बाई उठल्या. “माझं भाषण तर झालंच,” असं म्हणून त्या चहा प्यायला निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यांच्या विचारांची खोली वाखाणली गेली.

माझ्यावर चौकशी समिती बसली.

“तू मध्येच काय बोललास?” कुलगुरूंनी विचारलं.

“स्टेशनचा रस्ता सांगितला, सर. बाहेर पडा, म्हटलं.”

“म्हणजे पाहुण्यांना बाहेर काढलंस. गुन्हा कबूल!”

“पण सर, तेच विचारत होते ना!”

“तुला कसं कळलं?”

“सर, इंग्रजी कळलं.”

समितीच्या सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. विभागप्रमुख अत्यंत मायेनं म्हणाले, “बाळा, मी इथे तीस वर्षं आहे. मला कळलं नाही, ते तुला कसं कळेल?”

तोंडी परीक्षेत मी नापास झालो. ‘विद्यार्थ्याचे इंग्रजी समजते. पातळी अत्यंत सामान्य,’ असा शेरा पडला. घरी वडील म्हणाले, “समजण्यासारखंच बोलायचं होतं, तर एवढं शिकायला घातलं कशाला?” त्यांचंही बरोबर होतं. आई तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग मी मनावर घेतलं. गच्चीवर जाणं सोडलं. घशातल्या घशात बोलायचं, शब्द अर्ध्यावर गिळायचे आणि वाक्य संपलं की समोरच्याला कीव आल्यासारखं हसायचं, याचा नेटानं सराव केला. पुढच्या परीक्षेत विभागप्रमुखांना अवाक्षर कळलं नाही. मी विद्यापीठात पहिला आलो. निकाल वाचून आई रडली.

आता माझी स्वतःची इंग्रजी शाळा आहे. ‘मुलांना काहीच कळत नाही’ अशी तक्रार आजवर एकाही पालकानं केलेली नाही. उलट, घरी आलेल्या पाहुण्यांपुढे मुलाला उभं करून बोलायला लावतात आणि तो काय बोलला ते न कळल्यामुळे सगळे धन्य होतात. प्रवेशासाठी पहाटेपासून रांग लागते. तुम्हीही तिथे दिसला होतात. ओळख द्यायची राहून गेली. फक्त एक विनंती आहे. रांगेत उभे असताना आपसात मराठी बोलू नका. मुलांना समजतं.