ठिणगी आणि नर्मदेचं पाणी

पूजा झाली, नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटून झाले, आणि ईशानीने किक मारली तर गाडी नुसती खोकलीसुद्धा नाही.

तिने पुन्हा मारली. पेट्रोलचा कॉक पाहिला, चोक ओढला, हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं आणि दातओठ खात मारली. मातीच्या रस्त्यांवर पळवायची ती उंच, सडपातळ गाडी काल संध्याकाळी टेकडीच्या पायथ्यापर्यंत भुंकत जाऊन आली होती. आज कपाळाला कुंकू लावून मख्ख उभी होती.

फाटकाबाहेर तरुणच्या पिकअपचा हॉर्न वाजला. तरुण शेजारचा, उदयनगरच्या दुकानांना किराणा पोचवायचा. त्याच्याच पिकअपमध्ये गाडी चढवून ईशानी तिथल्या जंगलातल्या शर्यतीला जाणार होती. तिची ही पहिली शर्यत. बाबांनी, म्हणजे नारायणरावांनी, अट घातली होती: या शर्यतीत पळालीस तर गाडी राहील, नाहीतर विकायची आणि मुकाट्याने एम.एस्सी.चा अभ्यास करायचा. दुसरी अट धारहून आलेल्या उमाआत्याची. पूजेशिवाय गाडी घराबाहेर पडणार नाही, आणि गाडीला बांधलेली नाडाछडी, म्हणजे पूजेचा रंगीत धागा, शर्यत संपेपर्यंत कोणी सोडायची नाही. आई इंदूरला मावशीच्या दुखण्याला गेली होती, त्यामुळे मध्ये पडणारं कोणी नव्हतं.

तशी आत्या गाडीच्या विरोधात होती असंही म्हणता येईना. काल तिने गाडीभोवती फिरून एकेका भागाची चौकशी केली होती. हे काय, ते काय, हे दाबलं की काय होतं. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला असा श्रोता सहसा मिळत नाही. ईशानीने क्लचपासून सायलेन्सरपर्यंत सगळं समजावून सांगितलं होतं.

"चल ना भिया!" तरुण फाटकातून आत डोकावला; भाऊ असो की बहीण, त्याला सगळे भियाच. "बायपासला ट्रकांची लाइन लागली की मग वाट लागते."

"दोन मिनिटं," ईशानी म्हणाली आणि प्लग खोलायला बसली.

प्लग काढून तिने तो पुन्हा वायरच्या टोपणात खोचला, इंजिनाच्या धातूला टेकवला आणि हाताने किक दाबली. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी दिसायला हवी होती. दिसली नाही. तिने नवा प्लग लावला. तरी नाही. वायरचं टोक थोडं कापून टोपण घट्ट बसवलं. तरी नाही.

"ठिणगीच येत नाहीये," ती म्हणाली.

हे ऐकायला नारायणराव जणू टपूनच बसले होते. कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून जन्म गेला. निवृत्तीनंतर घरातल्या मिक्सरपलीकडे काही बिघडलं नव्हतं. "सरक बाजूला. आधी कॉइल मोजायची," असं म्हणून त्यांनी मल्टिमीटर आणला. मल्टिमीटरचे सेल उतरलेले निघाले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचे काढून घातले. त्यामुळे मल्टिमीटर चालू झाला आणि घड्याळ थांबलं. आता किती वाजले ते पाहायला ईशानी दर थोड्या वेळाने मोबाइलकडे हात नेऊ लागली, आणि मोबाइलच्या काचेवर काळ्या ग्रीसचे ठसे उमटू लागले.

कॉइलपर्यंत पोचायला सीट काढली. सीटनंतर पेट्रोलची टाकी. टाकी ओट्यावर ठेवायची म्हणून पूजेचं ताट खाली आलं, आणि ताटातल्या खोबऱ्यावर तरुणने सवयीने हात मारला.

"कॉइल ठीक," नारायणराव जरा निराश होऊन म्हणाले.

ईशानी उठून अंगणात येरझाऱ्या घालू लागली. "नीट विचार करू. काल चालत होती, आज चालत नाही. मध्ये काय बदललं?"

"काय?" तरुणने खोबरं चावत विचारलं.

"पाणी! आत्याने तांब्याभर पाणी ओतलं गाडीवर. कुठल्यातरी जोडात शिरलं असणार."

तिने केस वाळवायचा ड्रायर आणून लावला. ओट्यावरच्या जुन्या प्लगपॉइंटला तो झेपला नाही. फट् असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली. स्वयंपाकघरात मिक्सर थांबला आणि उमाआत्या चटणीचा हात पदराला पुसत बाहेर आली.

"वीज कोणी घालवली?"

"पाण्याने घालवली, अक्का," नारायणराव फ्यूज शोधत म्हणाले. "म्हणजे तुझ्या पाण्याने गाडीची गेली, आणि ते वाळवताना घराची."

"माझ्या पाण्यानं?" आत्याचा आवाज चढला. "नर्मदेचं पाणी आहे ते! धारपासून मांडीवर कॅन घेऊन आले मी बसमधून. हेच पाणी आपल्या दत्ताजीकाकांच्या जीपवर घातलं होतं. कधी दगा दिला तिनं?"

"आत्या, ती जीप तर कधीच भंगारात गेली."

"म्हातारी होऊन गेली! पाण्यानं नाही गेली!"

"काकीसाब, विज्ञान आहे ते," तरुण मध्ये पडला. "पाणी गेलं की करंट खल्लास. हे बघा." त्याने वायरला लटकलेला प्लग एका हातात धरला आणि दुसरा हात इंजिनावर ऐटीत टेकला. "काहीच नाहीये यात. मार ईशानी, किक मार."

"नको रे."

"अरे मार ना भिया! मुर्दा आहे गाडी."

आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ती तरातरा गाडीपाशी आली. "पाणी वाईट ना माझं? मग नाडाछडी तरी कशाला हवी? तीही नेते!" डाव्या मुठीजवळ तिने स्वतःच आवळून गुंडाळलेली लालपिवळी नाडाछडी ती फराफरा सोडवू लागली. शेवटचा वेढा निघाला आणि त्याच क्षणी वैतागलेल्या ईशानीने किक दाबली.

"मर गयाऽऽ!"

तरुण उडाला आणि थेट पूजेच्या ताटात जाऊन बसला. तांब्या घरंगळत फाटकापर्यंत गेला.

"करंट आला!" नारायणराव फ्यूज हातात घेऊन आनंदाने ओरडले. "मी मघाशी तो जोड दाबला ना, त्याचा परिणाम!"

"जोड नाही न् काही नाही," आत्या म्हणाली. "पाण्याचा दोष असता तर आता कशी आली वीज? पाणी आहे तिथंच आहे."

या युक्तिवादात ईशानीला एकही फट सापडेना. तिची नजर डाव्या मुठीकडे गेली. नाडाछडीखालचं लाल बटण आता वर आलं होतं. त्याच्या डोक्यावर धाग्याची वळं स्पष्ट उमटली होती. इंजिन बंद करायचं बटण. सकाळपासून ते दाबलेलंच होतं आणि सगळा करंट प्लगपर्यंत न पोचता परस्पर गाडीच्या सांगाड्यात जिरत होता. पाणी तिने हिशेबात धरलं होतं. नाडाछडी मात्र श्रद्धेची बाब म्हणून हिशेबातच धरली नव्हती.

तिने पाना उचलला. टाकी चढली, सीट चढली, प्लग बसला. एका किकमध्ये गाडी भुंकली आणि गल्लीतली कुत्री तिला उत्तर देऊ लागली. तरुणने गाडीला बोटही न लावता पिकअपचा फाळका उघडला. "तूच चढव, भिया. मी लांबून सांगतो."

निघताना आत्या नाडाछडी घेऊन जवळ आली. "गाडीला नको. हात कर."

ईशानीने मनगट पुढे केलं आणि बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "आत्या, पुढच्या वेळी डाव्या मुठीला बांधू नकोस हं. तिथं एक बटण असतं."

"माहीत आहे," आत्या वेढे घेत म्हणाली. "लाल. दाबलं की गाडी बंद. कालच नाही का सांगितलंस?"

"म्हणजे मुद्दाम बांधलीस?" ईशानीने विचारलं.

"दगडधोंड्यांतून उडवायची ती गाडी. तुझी आईही घरात नाही. काल डोळ्याला डोळा लागला नाही माझा. म्हटलं, आज नाही चालली की नारायण विकेल, आणि आपण सुटू."

"मग सोडलीस कशाला?"

आत्याने गाठ करकचून मारली. "गाडीला काय हवं ते बोला. माझ्या नर्मदेला बोललेलं नाही खपायचं."

हॉर्न वाजला. ईशानी मागे गाडीला धरून बसली आणि पिकअप हलली. आत्या फाटकापर्यंत धावत आली. "पिशवीत बाटली दिलीय पाण्याची! शर्यतीच्या आधी शिंपड!"

दुपारी उदयनगरच्या सागांखाली, आपला नंबर पुकारला जाण्याआधी ईशानीने बाटली उघडली आणि इमानेइतबारे पाणी शिंपडलं. आधी हेल्मेटवर, मग पुढच्या चाकावर. प्लगपासून मात्र जरा लांबच.