पोलादचा वेग

"कला कुठलीही असो, परीक्षण एकच!" असं समीक्षक नेहमी सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत. बावीस वर्षं ते एका सायंदैनिकात नाटकांची परीक्षणं लिहीत होते. आपल्या एका वाक्यानं नट उभा राहतो आणि दुसऱ्यानं आडवा होतो, असा त्यांचा पक्का समज होता. त्यामुळे एका सोमवारी संपादकांनी टेबलावर एक पाकीट टाकलं, तेव्हा त्यांनी मान वर न करताच विचारलं, "नवं नाटक?"

"कुस्ती."

"कुस्ती?"

"व्यावसायिक, पंडित! मुखवटे, दिवे, दोरांचं रिंगण. खेळाचं पान बघणारा गेला नोकरी सोडून. आणि शेवट आधी ठरलेला, मारामारी बसवलेली, म्हणजे तुमचंच खातं झालं की!"

"द्या इकडे. एका दुपारचं काम!"

पाकिटात एक पेन ड्राइव्ह आणि एक चिठ्ठी होती. अक्षर मोठं, शाळकरी. 'मी पोलाद या नावानं खेळतो. कुठल्याही कंपनीचा नाही. हॉल मीच ठरवतो, तिकिटं आई फाडते. या वर्षी सहा स्वतंत्र लढती करायच्या ठरवल्या, त्यातल्या पाच झाल्या. सहावी येत्या शनिवारी संध्याकाळी. चौदा वर्षांत माझ्याबद्दल एक ओळ छापून आलेली नाही. वाईट लिहिलंत तरी चालेल, पण शेवटपर्यंत बघून लिहा.'

"शेवटपर्यंत म्हणे! आम्ही काय मधेच उठून जाणारे?" समीक्षक म्हणाले.

मंगळवारी दुपारी त्यांनी घरी लॅपटॉप उघडला. शेजारच्या खोलीत सासरे झोपले होते, म्हणून आवाज बंद ठेवला. हातात घड्याळ, मांडीवर वही. आणि मग पडद्यावर जे सुरू झालं ते पाहून समीक्षक ताठच बसले!

काय तो वेग! मुखवटा घातलेला तो अंगापिंडानं दांडगा गडी रिंगणात असा पळत होता, जशी चुलीतून ठिणगी उडावी. दोरावर आदळला, परत आला, समोरच्याला उचललं, आपटलं, पुन्हा उचललं! पडलेल्याचे खांदे जमिनीला टेकले की पंच खाली झोपून फटाफटा तीनदा हात आपटायचा, की लढत खलास! प्रेक्षकही तसेच. टाळ्या वाजवणारे हात नुसते फडफडत होते. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर पॉपकॉर्नचं आख्खं खोकं चार मिनिटांत संपवलं. ताण, दुसरं काय!

आयुष्यात समीक्षकांनी कुस्ती पाहिली नव्हती. ही अशीच असते, असं त्यांनी गृहीत धरलं. चार लढती पाहिल्या. पाचवी अर्ध्यावर आली तेव्हा आतून जेवायची हाक आली. शेवट काय असणार ते एव्हाना कळलंच होतं. लॅपटॉप मिटला.

बुधवारी परीक्षण छापून आलं. मथळा होता, 'विजेला चढवला मुखवटा!' आणि खाली असं: 'पहिली लढत अवघ्या अकरा मिनिटांत, दुसरी नऊ मिनिटांत! एवढ्या अवजड देहात इतकी चपळाई या लेखकानं उभ्या हयातीत पाहिलेली नाही. पंचांची मोजणी मात्र शंकास्पद. तीनदा हात आपटायला त्यांना दीड सेकंद पुरतो. ही घाई कुणाच्या सांगण्यावरून?'

गुरुवारी सकाळी कचेरीत एक सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. गळ्यात शिट्टी, हातात थांबघड्याळ.

"दीड सेकंद लिहिणारे कोण?"

सगळ्या कचेरीनं एकमुखानं समीक्षकांकडे बोट केलं.

"मी पंच," गृहस्थ म्हणाले. "तीस वर्षं शाळेत मुलांना कवायत शिकवली. एक, दोन, तीन. बरोबर तीन सेकंद! पोरं माझ्या मोजणीवर घड्याळं लावायची! आणि तुम्ही मला लबाड ठरवता? बायकोनं वर्तमानपत्र वाचून दाखवलं मला. बायकोनं!"

"अहो, मी या डोळ्यांनी पाहिलंय," समीक्षक म्हणाले.

"मग शनिवारी या! त्याच डोळ्यांनी बघा मोजणी कशी असते ती!" आणि ते ज्या तालात आले त्याच तालात पावलं टाकत निघून गेले.

समीक्षकांना जरा बरंच वाटलं. टीका लागली म्हणजे नेम बसला! तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, मी पोलाद." आवाज मऊ होता. "तुमचं वाचून मोठ्या कंपनीच्या बाईंचा फोन आला. नवे खेळाडू त्याच निवडतात. शनिवारी बघायला येतायत. निवड झाली तर तीन वर्षांची पक्की नोकरी."

"अरे वा! अभिनंदन!"

"माझा डावा गुडघा गेलाय, साहेब. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया नाही झाली तर हे वर्ष शेवटचं. कंपनी ती करून देते. म्हणजे शनिवारी जमलं तर जमलं. बाईंनी एकच विचारलं, 'वेग खरंच तेवढा आहे ना?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, छापून आलंय."

समीक्षकांनी फोन ठेवला तो छाती फुगवूनच. एका माणसाचं नशीब आपल्या लेखणीनं उघडलं! ती छाती शुक्रवारी संध्याकाळपर्यंत टिकली. शुक्रवारी बायकोनं भाचीच्या भाषणाची चित्रफीत बघायला तोच लॅपटॉप घेतला, आणि खोलीभर चिमण्यांची चिवचिव सुरू झाली.

"अहो, ही पोर अशी काय बोलतेय? आणि हात काय झाडतेय, अंगावर झुरळ पडल्यासारखे?"

"लाजत असेल."

बायकोनं चष्मा लावून पडद्याचा कोपरा पाहिला. "लाजत कसली! वेग दुप्पट ठेवलाय. कुणी केला हा उद्योग?"

उद्योग समीक्षकांचाच होता. चार महिन्यांपूर्वी कचेरीनं सगळ्यांना 'आगीपासून बचाव' या विषयावरचं तीन तासांचं व्याख्यान सक्तीनं बघायला लावलं होतं. ते लवकर उरकावं म्हणून त्यांनी वेग दुप्पट केला होता, आणि तो तसाच राहिला होता!

त्यांनी पहिली लढत पुन्हा लावली. आता बरोबर वेगानं. पोलाद रिंगणात चालत होता. हो, चालत! भरलेलं कपाट दोघांनी मिळून सरकवावं तसा. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला त्याला इतका वेळ लागला की मध्ये समीक्षकांनी दोनदा कपाळ पुसलं. पंचांचा हात पडत होता, एक... दोन... तीन. बरोबर तीन सेकंद. पॉपकॉर्नवाले गृहस्थ शांतपणे एकेक दाणा खात होते.

"मेलो!" समीक्षक म्हणाले.

"तुम्ही कसले मरताय? मरेल तो बिचारा उद्या," बायको म्हणाली. "तुमचं खरं करायला धावेल आणि गुडघा मोडून घेईल. जा, सांगा त्याला!"

"काय सांगू? बावीस वर्षं..."

"बावीस वर्षं राहू द्या बाजूला. सांगा, चुकलो म्हणून. तीन अक्षरं आहेत!"

शनिवारी खेळाच्या अर्धा तास आधी समीक्षक हॉलवर पोचले. पूर्वीचं गोदाम होतं ते. लोखंडी खुर्च्या, मध्ये रिंगण, वर चार दिवे. दाराशी टेबल मांडून एक म्हातारी तिकिटं फाडत होती. तिनं खुर्ची अशी ठेवली होती की रिंगणाकडे पाठ यावी. टेबलावर समीक्षकांचं परीक्षण प्लास्टिकच्या कव्हरात घालून, चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद करून ठेवलेलं.

"तुम्हीच का ते?" म्हातारीनं विचारलं. "पावसापाण्यानं खराब होऊ नये म्हणून केलंय हो. तुमचं तिकीट नको, बाळा. आत जा."

बाळा! समीक्षक मान खाली घालून आत गेले.

कपडे बदलायची खोली म्हणजे जुनी भांडारखोली होती. पोलाद बाकावर बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. मुखवटा अजून चढवलेला नव्हता. चेहरा एखाद्या कारकुनाचा असावा तसा साधा, केस विरळ. गुडघा मात्र कलिंगडाएवढा सुजलेला.

"पोलाद, मला तुमच्याशी बोलायचंय," समीक्षक म्हणाले. "ते परीक्षण..."

"आता काही बोलू नका, साहेब."

"अहो, पण तो वेग..."

"साहेब!" पोलाद उठला आणि त्यानं आपले दोन्ही पंजे समीक्षकांच्या खांद्यांवर ठेवले. समीक्षक दोन इंच खचले. "खेळाआधी मी कुणाचं काही ऐकत नाही. नंतर बोलू."

समीक्षक बाहेर आले ते पार घामाघूम होऊन. त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत, आणि शेजारी कोण? निवड करणाऱ्या बाई! कडक चेहरा, मांडीवर कोरा कागद, हातात पेन.

"तुम्हीच लिहिलंत ना? बघू या मग तुमची वीज," बाई म्हणाल्या.

घंटा वाजली. समोरून 'वादळ' नावाचा तरणाबांड पैलवान उड्या मारत आला. पाठोपाठ पोलाद. आणि पोलाद पहिल्याच झटक्याला धावला! खरंच धावला, दोरांकडे, जिवाच्या करारानं. समीक्षकांनी डोळे मिटले. धप्पकन आवाज झाला. डोळे उघडले तर पोलाद एका गुडघ्यावर.

"हा तुमचा वेग का?" बाईंनी विचारलं.

"अंग गरम व्हायचंय अजून," समीक्षक पुटपुटले.

पोलाद उठला, पण पुन्हा धावला नाही. लंगडत, एकेक पाऊल तोलून, तो त्याच्या नेहमीच्या चालीनं खेळू लागला. बाईंचं पेन कागदाला टेकत नव्हतं. समीक्षकांचे डोळे रिंगणात कमी आणि त्या कोऱ्या कागदावर जास्त. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कागद कोराच. म्हातारी दाराशी पाठ करून बसलेली. तिचे खांदे प्रत्येक आवाजाला वर उचलले जात.

विसाव्या मिनिटाला पोलादनं वादळला उचललं, खाली टाकलं आणि त्याच्यावर आडवा पडला. ठरलेला शेवट! आता पंच तीनदा हात आपटणार, लढत संपणार, बाई उठून जाणार. झालं, सगळं संपलं!

पंच खाली बसले. आधी त्यांनी पहिल्या रांगेत समीक्षकांकडे पाहिलं. मग हात वर नेला. आणि वरच ठेवला.

"एक!" हात पडला.

पंचांनी मिशीवरून बोट फिरवलं. पुन्हा समीक्षकांकडे पाहिलं.

"दोन!"

तिसऱ्यांदा हात वर गेला तो खाली यायलाच तयार नाही. रिंगणात गोंधळ! वादळनं पडून राहायचं ठरलेलं. पण किती वेळ? त्याचे डोळे उघडे, श्वास व्यवस्थित, आणि हॉल ओरडायला लागलेला, "अरे ऊठ की! ऊठ!" शेवटी बिचाऱ्याला पडून राहायची लाज वाटली. त्यानं एक खांदा उचलला. खांदा उठला की मोजणी रद्द!

हॉल खुर्च्यांवर चढला! आता पुढं काय, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. पोलाद नुसता बघत राहिला. मग त्या सुजलेल्या गुडघ्यावर जोर देत उभा राहिला, वादळला पुन्हा उचललं, पुन्हा टाकलं. पुन्हा तीच मोजणी! पुन्हा खांदा उठला! तिसऱ्या वेळी पोलादचे हात कापत होते, ते शेवटच्या रांगेलाही दिसलं असेल. त्यानं वादळला डोक्यावर घेतलं आणि तसाच उभा राहिला, कारण पाय टाकायला गुडघा तयार नव्हता. समीक्षकांनी भान विसरून शेजारच्या बाईंचं मनगट घट्ट धरलं. बाईंनीही ते सोडवून घेतलं नाही.

पडला! दोघेही पडले, पोलाद वर. आणि या वेळी पंचांबरोबर आख्खा हॉल मोजू लागला, तितकाच सावकाश. "एक!... दोन!..." समीक्षक खुर्चीवर उभे राहून किंचाळत होते, "अहो, टाका हात! चुकलो मी! टाका!"

"तीन!"

दाराशी म्हातारीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

समीक्षक खाली उतरले तेव्हा बाई कागदावर भराभरा लिहीत होत्या.

"तुमचं परीक्षण म्हणजे शुद्ध थाप," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पळणारे माझ्याकडे चाळीस आहेत. मागच्या रांगेला ते दिसतसुद्धा नाहीत. याचा हात वर गेला की मागच्या माणसाला 'अरे बाप रे' म्हणायला वेळ मिळतो. याला मी घेतेय. आधी गुडघा, मग खेळ. आणि तो पंचही मला हवा!"

भांडारखोलीत पोलाद गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. समीक्षक दारातच थबकले.

"पोलाद, मी तुमच्या लढती..."

"दुपटीनं पाहिल्यात," पोलाद म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिली बावीस मिनिटं चालली, तुम्ही अकरा लिहिलीत. दुसरी अठरा, तुम्ही नऊ. हिशेब सोपा होता. आमच्या घरी रोजचंच आहे हे. आई इथं कधी बघत नाही. घरी बघते, दुपटीनं, आवाज बंद करून. म्हणते, मार लवकर संपतो."

"मग मला मघाशी सांगू का नाही दिलंत?"

"तोवर तो नुसता माझा अंदाज होता. तुम्ही सांगितलं असतंत तर मला ते बाईंना कळवावं लागलं असतं. खोटं मला जमत नाही." पोलाद हसला आणि त्यानं समीक्षकांचा हात हातात घेतला. "चुकलात, तर चुकलात. चौदा वर्षांत आईशिवाय माझ्या पाचही लढती शेवटपर्यंत बघणारा दुसरा कुणी भेटला नाही, साहेब. दुपटीनं का होईना!"

समीक्षकांना पाचवी लढत आठवली आणि ती जेवायची हाकही. तोंड उघडलं. पण पोलादनं हात असा काही दाबला होता, की त्यांनी ते पुन्हा मिटलं. घरी येऊन त्यांनी आधी लॅपटॉप उघडला, वेग तपासला आणि पाचवी लढत सुरुवातीपासून लावली. शेवटी त्यात पोलाद हरला होता.