तात्यांचे भाडेकरू

माझ्या एम.एस्सी.च्या प्रमाणपत्रावर नाव माझं आहे. पण ते ज्यांच्यामुळे मिळालं ते तात्या तावडे, बाहेर उभं राहून खाकरल्याशिवाय जंतूंची पेटी उघडत नसत. परळच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. जंतू वाढवायच्या त्या उबदार पेटीसमोर घसा साफ करून म्हणायचे, "कोनाच्या घरात अचानक शिरू नये."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेत सूक्ष्मदर्शक कुलपात असायचा. तो फक्त इन्स्पेक्टरसाहेबांनी पाहिला. इथे मी अडुळशाच्या पानांच्या आत राहणारे जंतू शोधत होतो. झाडाच्या गुणात त्यांचाही हात असावा आणि त्यांच्यापासून नवं औषध मिळावं, अशी आशा होती. तात्यांना हे समजावलं, तर त्यांनी माझा सबंध प्रबंध दोन वाक्यांत उरकला.

"म्हंजे अडुळसो मालक, आनि हे भाडेकरू. खोकलो बरो करतत भाडेकरू, नाव मालकाचा!"

पान चिरण्याआधी ते स्पिरिटात बुडवून बाहेरचे जंतू मारावे लागतात. तात्या हे काम तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं करायचे. "भितुरले भितुर, भायले भायर," हा त्यांचा मंत्र.

पानं मी जवळच्या गिरणीच्या आवारातून आणायचो. संप होईपर्यंत तात्या तिथेच साचेखात्यात, मागांवर होते. आता ते फाटक दिसू नये म्हणून लालबागहून लांबचा वळसा घालून यायचे. त्यांचा जेवणाचा डबा मात्र अजून गिरणीतल्या कपाटात होता.

"घेऊन या की," मी एकदा म्हणालो.

"संप मिटलो काय?"

"तात्या, कितीतरी वर्षं झाली!"

"मगे? मिटलो की आनतलंय."

अशात एका भाडेकरूने कमाल केली. काचेच्या बशीत, जखमेत पू करणारे जंतू दाट वाढले होते, पण याच्याभोवती स्वच्छ गोल पडला. शेजारी साफ! सर म्हणाले, "हेच पुन्हा करून दाखव, प्रबंध मान्य."

दसऱ्याची सुट्टी संपवून मी आलो, तर पेटीला झेंडूचं तोरण. आत एकूण एक बशी उघडून हळद-कुंकू वाहिलेलं. गिरणीत दसऱ्याला साच्यांची पूजा व्हायची. संपापासून तात्यांना पूजेला यंत्रच मिळालं नव्हतं.

"तात्या, काय केलंत हे!"

"एकाक लावलंय आनि दुसऱ्याक नाय, ह्या बरा दिसता?"

पण हळद-कुंकवाबरोबर बाहेरचे जंतू आत शिरले होते, आणि गोल पाडणारा माझा एकुलता भाडेकरू गेला होता.

शिवाजी पार्काजवळचा अडुळसा आणून पाहिला. तिथले भाडेकरू आळशी निघाले. गिरणीत गेलो, तर नव्या वॉचमनने हाकललं. आता फक्त जुने कामगार आत, तेही कपाटातलं सामान न्यायला. मी हे सांगत होतो तेव्हा तात्या बशा घासत होते. एकच बशी, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी ते उशिरा आले, आणि सरळ रस्त्याने. हातात तीन कप्प्यांचा कळकट डबा. तिन्ही कप्प्यांत अडुळसा दाबून भरलेला.

"फाटकावर सही घेतली का हो तुमची?" मी विचारलं.

"'माझा सामान पोचला' म्हनून लिवन घेतल्यानी." मग ते पेटीसमोर खाकरले. "हात चलवा, मास्तरानु! पाना सुकतली."

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर माझा निकाल लागला. तोवर तात्या कायमचे गावी गेले होते. त्यांना मी हे पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप तात्यांस शिरसाष्टांग नमस्कार.

पास झालो. तुमच्या डब्यातून आलेल्या भाडेकरूने पुन्हा तसाच गोल पाडला. औषध व्हायला अजून फार अवकाश आहे, पण सर आता पेटी उघडण्याआधी खाकरतात. यंदा हळद-कुंकू मी लावलं, पेटीला, बाहेरून.

डबा तुम्ही इथेच ठेवून गेलात. घासून माझ्या कपाटात ठेवला आहे. संप मिटला की न्यायला या.

तुमचा,
मास्तर"