शंभर वर्षांखालचं छप्पर

नानाजी शंभर वर्षांखालच्या छपराखाली झोपत नसत. अकोल्यातलं स्वतःचं घर तेवढं सोडलं, तर परगावी उतरायला त्यांना जुनी हवेली, जुनी सराय, जुनी कचेरी, निदान जुना तबेला तरी लागे. फिरतीवर त्यांच्याबरोबर जाण्याचं भाग्य माझ्या कपाळी लिहिलेलं होतं, म्हणून मलाही लागे.

त्यांचं नाव तुळशीरामजी, पण अख्खी पेढी त्यांना नानाजी म्हणे. गावोगावी जाऊन कापसाची प्रत पाहायची आणि घ्यायचा की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यात ते सहसा चुकत नसत. चुकायची सगळी हौस ते इतिहासात भागवून घेत. मी अमरावतीत मॅट्रिक होऊन पेढीवर कारकून लागलो होतो, आणि त्यांच्या मागे बोरू-दौत घेऊन हिंडत होतो.

त्या काळात वऱ्हाडातल्या निजामाच्या अमदानीतल्या इमारतींना वारस थोडे आणि वटवाघळं फार झाली होती. मग कुणीतरी खाली चूल मांडी, वर चार बाजा टाकी, दारावर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ अशी पाटी ठोकी, की झालं हॉटेल. डागडुजी म्हणून जो काही रंग लागे तो त्या पाटीलाच लागलेला असे. शहाणी माणसं अशा ठिकाणी चहा पिऊन पुढं जात. नानाजी तिथं वळकटी सोडत.

अकोटला आम्हाला मिळालेल्या खोलीला दारच नव्हतं. मी मालकाला हाक मारणार तोच नानाजी म्हणाले, “दिनकरराव, त्या जमान्यात दार नोयतं ठेवत. पहारेकरी ठेवत.” आता दारही नव्हतं आणि पहारेकरीही नव्हता. एक कुत्रं मात्र आलं आणि माझ्या पायथ्याशी हक्कानं झोपलं.

एलिचपूरला तर एका हमामखान्याचीच खानावळ झाली होती. तिथं माझी बाज कोरड्या हौदात टाकली. “नशीब काढलं तुमी,” नानाजी काठावरून म्हणाले, “इथी खुद्द नवाब डुंबत होता.” मी म्हटलं, “डुंबून झाल्यावर तो वर तरी येत असेल.” मला सकाळी वर यायला शिडी मागवावी लागली. त्याच गावात पेढीच्या ओळखीची नवीकोरी धर्मशाळा होती. तिला नळ होता, खिडक्यांना गज होते, आणि व्यवस्थापक आम्हाला दरवेळी आग्रहानं बोलावत असे. मी तसं सुचवलं की नानाजींचा ठरलेला सवाल यायचा, “तुमाले सोय पायजे का इतिहास पायजे?” सोय पाहिजे असं उत्तर देण्याची सोय त्या सवालात नव्हती.

दुसरं पालुपद भिंतींचं. प्लास्टर पडलेल्या भिंतीवर हात ठेवून ते म्हणत, “भिंत बोलते. ऐकणारा पायजे.” आणि भिंत जे काही बोलली असेल ते रात्री जेवताना मला ऐकवत. त्यांच्या भिंतींना मृत्यूचं भारी वेड. आम्ही उतरलो त्या प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी गचकलेलं असायचंच. एक सुभेदार तर अकोटलाही मेला, मूर्तिजापूरलाही मेला आणि कारंज्यालाही मेला. मी एकदा हे दाखवून दिलं, तर नानाजी शांतपणे म्हणाले, “मोठा माणूस होता थो.”

पण त्यांचा खरा जीव दर्यापूरच्या हवेलीवर. मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं आम्ही दर्यापूरला उतरलो की म्हाताऱ्याच्या चालीत फरक पडे. ही हवेली निजामाच्या कुणा तालुकदाराची. पुंडलिकराव नावाच्या गृहस्थानं ती भाड्यानं घेऊन चालवली होती. पुढच्या बाजूला दोन बऱ्यापैकी हवेशीर खोल्या होत्या. नानाजींना त्या चालत नसत. त्यांना माडीवरची मागची खोली लागे. ती पश्चिमेला तोंड करून भट्टीसारखी तापायची, आणि तिच्यात पाहण्यासारखा एकच ऐवज होता, मोडक्या दगडी जाळीचा एक झरोका. बाजारातलं काम आटोपलं की नानाजी त्या झरोक्याशी जाऊन बसत आणि दिवेलागणीला उठत.

एका खेपेला त्या खोलीत सरकीचा एक व्यापारी आधीच उतरलेला होता. नानाजींनी त्याला नमस्कार केला, पानसुपारी दिली आणि बोलता बोलता वरच्या तुळईकडं बोट दाखवून सांगितलं, की तालुकदाराच्या बेगमेनं फास घेतला तो हिलाच, आणि अजून ती संध्याकाळी उतरते. संध्याकाळी बेगम उतरायच्या आत व्यापारी उतरला, तो थेट धर्मशाळेत गेला. त्याच्या मागे मीही जावं असं मला फार वाटलं.

दर्यापुरातच नानाजींची एकुलती एक लेक वेणू दिलेली होती. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी एकदा विचारलं, “लेकीचं घर गावात असताना आपण या भट्टीत काहून भाजून घेतो?”

“लेकीच्या घरचं पाणी चालत नाई,” ते म्हणाले. “तिले लेकरू होईपावतर नाई. आमच्यात तसंच हाय.”

“मग तिला माहेरी आणा चार दिवस.”

“घरात बाईमाणूस नाई म्हून पाठवत नाईत थे.” नानाजींची बायको मागेच वारली होती. वेणूच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. एवढं बोलून त्यांनी तालुकदाराच्या हत्तीची गोष्ट काढली, आणि मी नेहमीप्रमाणे अर्धवट ऐकली.

त्या साली हंगामाच्या तोंडी आम्ही हवेलीत शिरलो, तर अंगणात विटांचा ढीग आणि कालवलेला चुना. पुंडलिकराव म्हणाले, “नानाजी, तुमची खोली आज दुपारपावतर देतो. मंग गवंडी येऊन राहिला. मागचा झरोका बुजवाचा हाय.”

“काहून?” नानाजींचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

“मांगच्या घरवाल्यायनं लय बोंब केली. म्हणतात, तुमच्या हाटेलातले उतारू आमच्या आंगनात पायतात, बायामाणसाले बसता येत नाई.”

आणि मग नानाजींनी इतिहास सुरू केला. हा झरोका म्हणजे काय साधी खिडकी आहे का? इथं बसून खुद्द तालुकदार ईदचा चांद पाहत होता. असा झरोका हैदराबादेतसुद्धा नाही. हा बुजवाल तर पुढची पिढी तुम्हाला शिव्या देईल.

पुंडलिकरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “नानाजी, थो तालुकदार दोनी डोयानं आंधळा होता म्हून तुमीच तं सांगतलं मांगच्या साली.”

मी मोठ्यानं हसलो. इतक्या वर्षांच्या हौदांचं आणि कुत्र्यांचं उट्टं फिटलं होतं. नानाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते जिना चढून वर गेले.

पेठेत जायची वेळ झाली तरी ते खाली येईनात, तेव्हा मी वर गेलो. नानाजी झरोक्याशी बसले होते. त्यांच्या खांद्यावरून मी खाली पाहिलं. मागच्या घराचं अंगण होतं, आणि एक बाई सुपात तूर घेऊन निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“वाळली,” नानाजी म्हणाले.

“कोण?”

“वेणू.”

खरं सांगतो, मला आधी रागच आला. लेकीच्या सासरच्या मागं येऊन कुणी दरसाल मुक्काम टाकला तर लोक काय म्हणतील, व्याही काय म्हणतील? पाळतीवर आला म्हणतील. तसं कुणी म्हणू नये म्हणून या माणसानं साऱ्या वऱ्हाडात जुन्या इमारतींचा येडा म्हणून नाव काढलं होतं, आणि ते नाव पक्कं करण्यासाठी मला गावोगाव वटवाघळांच्या लेंड्यांत झोपवलं होतं. पण तो राग काही टिकेना. मी त्यांच्याजवळ खाली बसलो आणि कापसाची आठवण त्या दिवशी केली नाही.

गवंडी आला. नानाजींनी त्याला जागा करून दिली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. विटांचे थर वर येऊ लागले. अंगणातली चूल दिसेनाशी झाली, मग सूप, मग वेणू. शेवटची वीट बसायच्या आत नानाजींनी पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं आणि ते जिना उतरू लागले. पुंडलिकरावांशी भांडायला निघाले असं समजून मी मागे धावलो. ते पुंडलिकरावांकडं न बघता बाहेर पडले, गल्लीला वळसा घालून मागच्या घराच्या पुढच्या दाराशी गेले आणि ओसरीवर जाऊन बसले.

व्याही सुपारी कातरत होते. “या, व्याहीबुवा,” ते दचकून म्हणाले. “आज इकडं कसे?”

“तहान लागली,” नानाजी म्हणाले. “पाणी पायजे.”

अडकित्ता थांबला. आमच्याकडं कुणालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. नातवंडाच्या आधी बापानं लेकीच्या दारी पाणी घेतलं, म्हणजे त्यानं नातवंडाची आशा सोडली. असल्या घरात सुनेची सवत यायला मग फार वेळ लागत नाही. मला वाटलं, म्हाताऱ्यानं एका घोटासाठी लेकीचा घात केला. हात धरून त्यांना उठवावं असं मनात आलं, पण मी उठवलं नाही.

आतून वेणू तांब्या घेऊन आली. तिनं तो बापाच्या पुढं न ठेवता हातातच धरला. जवळून ती खरंच वाळलेली दिसत होती.

“बाबा,” ती हळू म्हणाली, “अजून तं काई झालं नाई.”

“तू झाली ना, बाई,” नानाजी म्हणाले. “मले तेवढं पुरे.” मग त्यांनी व्याह्यांकडं पाहिलं. “अन् इथी नाई पुरलं, तं माह्या घरी जागा हाय. बाईमाणूस नाई म्हून तिले पाठवत नोयते ना तुमी? आता वेणूच घरातलं बाईमाणूस होईल.”

वेणूनं तांब्या पुढं केला. दर्यापूरच्या विहिरींचं पाणी खारं असतं, नव्या माणसाच्या घशाखाली पहिला घोट उतरत नाही. नानाजींनी अख्खा तांब्या रिकामा केला आणि पुन्हा तिच्यापुढं धरला.