आवटीबाईंची साक्ष

सांगलीच्या पद्मावती आवटींना रोजच्या मालिकेत साक्ष द्यायला बोलावलं, तेव्हा त्या सूप मांडीवर घेऊन शेंगा फोडत होत्या.

बोलावणं घेऊन मालिकेतल्या इनामदारांच्या बंगल्यातले जुने गडी धोंडूमामा आले होते. टीव्हीतून सरळ हॉलमध्ये उतरता आलं असतं, पण निरोप्यानं दारातूनच जावं अशी इनामदारांकडची रीत. म्हणून त्यांनी बेल वाजवली, चपला काढल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकले.

"तुमचा आवाज रोज आमच्या जिन्याच्या वरून येतो," ते म्हणाले. "'अगं, त्या कामिनीनं टाकलीय पुडी, धरा तिला!' असं तुम्हीच म्हणता ना?"

"म्हणते की. पण ते आपलं बसल्या बसल्या!"

"बंगल्यात सगळ्यांना ऐकू येतं. दादासाहेबांच्या खिरीत विषाची पुडी टाकली म्हणून धाकट्या शर्वरीवहिनींना आज घराबाहेर काढणार आहेत. थोरल्या कामिनीवहिनींचं नाव घेणाऱ्या तुम्ही एकट्याच. आईसाहेबांनी गाडी पाठवलीय."

एकट्याच, हे काही खोटं नव्हतं. आवटींकडे जैनांच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, मग रात्री पाण्यापलीकडे काही नाही. गल्लीतल्या बाकीच्या बायका त्या वेळी पोळ्या लाटता लाटता मालिका अर्धीमुर्धी बघत. पद्मावतीबाई मात्र पहिल्या शीर्षकगीतापासून टीव्हीसमोर ठाण मांडून असत.

नवरा श्रीपाल शेजारीच बसला होता. त्याचा जीव प्रश्नमंजूषेत. मालिकेत जाहिरात लागली की तेवढ्यात चॅनेल बदलून तो एखादा प्रश्न गाठायचा आणि पर्याय दिसायच्या आधीच "ब!" म्हणून ओरडायचा. त्यामुळे जाहिरात कधी लागते इकडे त्याचे डोळे लागलेले असत.

"अहो, जाऊ का?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

"जा की. पण लवकर या. आणि ती शर्वरी मला काय बरी वाटत नाही."

"तुम्हाला कोण बरं वाटतंय!" असं म्हणून त्यांनी बरं लुगडं काढलं.

गाडी विश्रामबागेच्या चौकातून वळली आणि बंगल्याच्या फाटकातून आत शिरली. चौकात दिवे लागले होते, फाटकाच्या आत लख्ख सकाळ होती. पद्मावतीबाई गोंधळल्या. आता दिवस धरायचा की रात्र, हे त्यांना कळेना. विचारायला तिथं कुणी मुनिमहाराजही नव्हते.

दिवाणखान्यात सगळे भरजरी कपड्यांत उभे होते. बसायची तिथं पद्धत नसावी. शर्वरी एका हातात बॅग धरून रडत होती. पद्मावतीबाईंनी तिला जवळून बघितलं. इतकी लहान पोर, आणि कपाळाला एवढा घाम. तिला वाचवायचं, बास, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं.

"साक्षीची रीत सांगते," आईसाहेब म्हणाल्या. "मी प्रश्न विचारला की सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघायची. सगळ्यांची बघून झाल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. पुडी टाकताना तुम्ही कुणाला पाहिलंत?"

सगळ्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली. वेळ लागला, कारण घर मोठं होतं आणि एक आत्याबाई जिन्यावर होत्या. पद्मावतीबाईंना मात्र हा वेळ फार जड गेला. प्रश्न साधा होता आणि त्यांची पंचाईत तिथंच होती. पुडी पडली तेव्हा त्यांची नजर सुपात होती. त्या मालिका ऐकत. बघायच्या त्या फक्त साड्या, त्याही शेंगा संपल्यावर.

"कामिनीनं टाकली," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

पुन्हा तोंडं.

"ती आली की ते वाजतं ना, धाड धाड धाड. त्या दिवशीही वाजलं."

"काय वाजतं?"

"संगीत हो. वाईट माणूस आला की वाजतंय ते."

इनामदारांच्या घरात कुणीही, कधीही, कसलंही संगीत ऐकलेलं नव्हतं. कामिनी तर हिरमुसलीच. "मी आले की वाजतं?" तिनं हळूच विचारलं. "आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"संगीत पुरावा होत नाही," आईसाहेब म्हणाल्या. "डोळ्यांनी पाहिलंत का? होय की नाही? जाहिरातीच्या आत सांगा, नाहीतर शर्वरी निघाली."

शर्वरीनं बॅग उचलली. पद्मावतीबाईंनी आयुष्यात खोटी शपथ घेतली नव्हती. पर्युषणात तर साधी थापसुद्धा नाही. सगळ्यांची तोंडं बघून होईपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "होय. पाहिलं."

तेव्हा जिन्याच्या वरून आवाज आला. कंटाळलेला, ओळखीचा.

"थापा मारतीय ही. मान खाली घालून शेंगा फोडत बसली होती. मी बघितलंय ना पुडी टाकताना. आणि ती कामिनी नव्हतीच."

सगळ्यांनी माना वर केल्या. श्रीपालचं बरोबर होतं. जाहिरातीची वाट बघत पडद्यावर सतत डोळे लावून बसणारा आवटींच्या घरात तोच एक होता.

"मग कोण होतं?" आईसाहेबांनी वर बघून विचारलं.

सगळ्यांनी तोंडं बघितली. तेवढ्यात जाहिरात लागली. वरून, लांबून, फक्त "ब!" एवढंच ऐकू आलं.

आईसाहेबांनी निकाल थांबवला. खरा साक्षीदार येईपर्यंत कुणीही घराबाहेर जायचं नाही, शर्वरीही नाही आणि आवटीबाईही नाहीत. धोंडूमामा गाडी घेऊन सांगलीला गेले आणि एकटेच परत आले.

"साहेब म्हणाले, एवढा प्रश्न झाला की येतो."

पद्मावतीबाईंनी शर्वरीकडे पाहिलं. ती आता रडत नव्हती. घामही नव्हता. धाड धाड वाजलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं, पण आत आल्यापासून त्यांनाही काही ऐकू येत नव्हतं. आपण कुणाला वाचवलं, हेच त्यांना उमजेना. संसारभर ज्या प्रश्नमंजूषेवरून नवऱ्याशी भांडण झालं, तिचा त्यांना पहिल्यांदाच आधार वाटला.

"मामा, परत जा," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा, सगळा कार्यक्रम बघून या. त्याच्या पुढचाही बघा. घाई नाही."

मग त्यांनी शेंगा आणि सूप मागून घेतलं आणि सोफ्यावर बसून फोडू लागल्या. या वेळी मान वर ठेवून.

थोड्या वेळानं शर्वरी स्वयंपाकघरातून आली. पदर खोचलेला, हातात चांदीची वाटी.

"काकू, माझ्यासाठी तुम्ही इतकं केलंत. थोडी खीर घ्या ना."

"दिवस मावळल्यावर आम्ही काही घेत नाही, बाळा."

"पण इथं सकाळ आहे."

पद्मावतीबाईंनी खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि तिथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांची तोंडं बघून झाल्यावर म्हणाल्या, "असू दे. माझा सूर्य सांगलीचा."