दोडक्याचं सुतक

माणूस गेल्याची बातमी आधी सोयऱ्याधायऱ्यांना कळते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ती आधी कळते, ज्याच्या दारात त्या माणसाकडून काहीतरी यायचं त्याला.

शांतव्वा निपाणीला लेकीकडं चार दिवस म्हणून गेली होती. शुक्रवारी पहाटे ती तिथंच वारली. कळंब्यातल्या कॉलनीला हे कळलं सोमवारी सकाळी नऊ वाजता, चौदा नंबरच्या घरातून दोडक्याची पिशवी आली नाही तेव्हा. परसबाग दान मंडळाच्या सेक्रेटरी वर्षाराणी यांनी चौकशीसाठी फोन लावला. तो शांतव्वाच्या नवऱ्यानं, गुरुसिद्धअण्णांनी, उचलला. मग वहीत नोंद झाली : 'चौदा नंबर. आवक निरंक. कारण : निधन.' मंडळानं दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. (मेथी उन्हात होती, म्हणून एकच मिनिट.)

मंडळाचं काम थोर आहे, त्यात वाद नाही. कॉलनीतल्या अकरा घरांनी परसात एक ओळ जास्तीची लावायची आणि ती भाजी सोमवारी-गुरुवारी मोठ्या दवाखान्याजवळच्या अन्नछत्राला द्यायची. खेड्यापाड्यातून पेशंटबरोबर आलेली माणसं तिथं फुकट जेवतात. गेल्या वर्षी मंडळानं एकशे अठ्ठेचाळीस पिशव्या दिल्या आणि सहाशे बारा फोटो काढले. म्हणजे पिशवीमागं चार फोटो पडतात, आणि त्यातल्या एखाद्यात पिशवीही दिसते. दिलेल्या भाजीत साठ टक्के दुधी असतो, कारण तो घरात कोणी खात नाही. उरलेल्यात बी धरलेली वांगी, फुलावर आलेली मेथी आणि एक पाला, ज्याचं नाव अजून कोणाला सापडलेलं नाही. (अन्नछत्रानं तोही घेतला.)

शांतव्वाला हे शास्त्र शेवटपर्यंत जमलं नाही. बोटानं दाबला की दबेल असा कोवळा दोडका ती पिशवीत घालायची आणि राहिलेला थोराड घरी शिजवायची. गुरुसिद्धअण्णांनी छत्तीस वर्षं उद्यमनगरात लेथ चालवली आणि मंडळ निघाल्यापासून सात वर्षं दोडक्याच्या शिरा चावल्या. एकदा त्यांनी विचारलं, तर म्हणाली, "तुमचे दात शाबूत हाईत. दवाखान्यात बसलेल्याला चावायचं भान नसतंय." मंडळानं तिचा हा अडाणीपणा पोटात घातला होता. (वय बघून.)

अण्णा निपाणीहून परत आले तेव्हा मांडव वेलानं भरला होता. गुरुवारी त्यांनी नऊ दोडके काढले, एकेक दाबून बघून, आणि पिशवी घेऊन अध्यक्ष बाळासोंच्या दारात गेले. बाळासो पायऱ्या उतरून खाली आले. त्यांनी हात जोडले, पण पिशवीला हात लावला नाही.

"लई वाईट झालं, अण्णा. या, बसा. पिशवी तेवढी फाटकाभाईर ऱ्हाऊ दे."

"का?"

"सुतक हाय न्हवं तुमाला."

"आमच्यात सुतक पाळत न्हाईत, बाळासो. लिंगायतांत न्हाईच ते."

"तुमच्यात न्हाई, मान्य. पर खाणाऱ्यांच्यात असतंय की. त्यांनी का बाटून घ्यायचं?"

"मग दोडका कुणाच्यातला धरायचा?"

सात वर्षांत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यामुळं उपसमिती नेमावी लागली. त्या नऊ दोडक्यांची भाजी अण्णांनी घरीच केली. मंडळ निघाल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कोवळा दोडका शिजला. मीठ घालायचं राहिलं होतं, हे त्यांना ताट धुताना आठवलं.

उपसमितीनं खोलात जाऊन काम केलं. वेल मयत व्यक्तीनं लेकरासारखा वाढवला असल्यानं तो जवळचा नातेवाईक ठरतो, हे पहिल्याच बैठकीत मान्य झालं. परंतु मृत्यू कर्नाटकात आणि वेल महाराष्ट्रात, तेव्हा सुतक हद्द ओलांडतं का, असा मुद्दा निघाला. सीमाप्रश्न मंडळाच्या अखत्यारीत येत नसल्यानं तो प्रलंबित ठेवला. शेवटी मध्यम मार्ग निघाला : शुक्रवार पहाटेच्या आधी धरलेला दोडका शुद्ध, नंतरचा अशुद्ध. वर्षाराणी लोकर घेऊन आल्या आणि वेलावरच्या बावीस दोडक्यांना दोरे बांधले, शुद्धाला पांढरा, अशुद्धाला तांबडा. तीन दोडक्यांच्या जन्मवेळेवर एकमत होईना. त्यांना दोन्ही दोरे बांधले. मंजुरी येईपर्यंत एकही तोडू नये, असं अण्णांना अदबीनं सांगितलं.

अण्णांनी ऐकलं. तपासणीची खूण लागलेल्या कामात मधे हात घालायचा नाही, ही लेथवरची सवय. ते रोज सकाळी मांडवाखाली जाऊन दोडके दाबून बघत. पांढऱ्या दोऱ्याचे आधी घट्ट व्हायला लागले. सोमवारची सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. (दोघे सदस्य हुरड्याला गेले होते.) मंगळवारी अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. दहा दोडके तोडले, दोरे सोडले, स्कूटरला पिशवी अडकवली आणि थेट अन्नछत्रात गेले. तिथल्या शालूबाईंना त्यांनी सुतकाचं आधीच सांगून टाकलं. लपवून द्यायचं नव्हतं.

शालूबाई परातीतली कणीक मळत होत्या. "कसलं सुतक घेऊन बसलासा? हितल्या पंगतीत रोज एकदोघांचं माणूस वरच्या वार्डात दगावतंय. त्यांला न्हाई व्हय आम्ही जेवू घालत? तशीच उठून जात्यात बिचारी, हात धुवायच्या आधी."

मग त्यांनी हात पुसून एक दोडका घेतला आणि नख लावलं. नख आत गेलं नाही.

"मावशीची पिशवी आली की मी बाजूला ठिवायची, अण्णा. म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्येवढंच मऊ. पर ह्ये आता शिजायचे न्हाईत. चार दिस आधी आणायचे."

"आणणार होतो," अण्णा म्हणाले.

"ऱ्हायलेले वेलावरच वाळू द्या. बी तरी हाती लागंल."

दुसऱ्या दिवशी तेरावा होता. सुतक आपोआप फिटल्यामुळं उपसमितीचा अहवाल सर्वानुमते मंजूर झाला. बाळासो स्वतः दोडके न्यायला आले. बरोबर वर्षाराणी, मोबाईल आणि 'कै. शांतव्वा यांच्या स्मरणार्थ' असा फलक.

"नका तोडू," अण्णा म्हणाले. "जून झाल्याती. खायच्या लायकीचे न्हाईत."

"असू देत की, अण्णा," बाळासो समजुतीनं म्हणाले. "आपल्याला कुठं खायचेत? द्यायचेच हाईत न्हवं."

अण्णांनी फाटक लावून घेतलं. दात्यानंच दान नाकारल्याची मंडळाच्या इतिहासातली ही पहिली घटना. वहीत तिला रकाना नव्हता.

बारा दोडके वेलावरच वाळले. अण्णांनी ते फोडून काळं बी काढलं, वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधल्या आणि घरोघरी वाटल्या. सगळ्यांनी आनंदानं घेतल्या, बाळासोंनी दोन. एक पुडी उरली आहे, आणि हे वाचताना एखाद्याला ती मागावीशी वाटली असेल. जरूर मागावी. फक्त वेल धरल्यावर पहिला कोवळा दोडका आपल्या पातेल्यात जाणार की पिशवीत, एवढं आत्ताच खरं खरं ठरवावं. (ज्यांना उत्तराआधी थोडा विचार करावा लागला, त्यांनी फॉर्मसाठी वर्षाराणींना भेटावं. मंडळात जागा आहे.)

चौदा नंबरच्या परसात अण्णांनी नवं आळं करून ठेवलंय. बी अजून टाकलेलं नाही. ते किती खोल टाकायचं, हे शांतव्वाला विचारायचं राहून गेलं.