ओक चांगहोला मारण्याचा अर्ज

सत्य घटनेवर सिनेमा काढायचा तर आधी सत्य नीट तपासून घ्यावे लागते. कारण पुष्कळदा ते प्रेक्षकांना सोसत नाही. सोलमधल्या एका चित्रसंस्थेने ही जबाबदारी फार गांभीर्याने पार पाडली. तिने निवृत्त गुप्तहेर प्यो गिलसू यांना सल्लागार नेमले, खुर्ची दिली आणि त्यांचे म्हणणे (कॉफीसह) ऐकून घेतले.

प्यो यांनी चौदा वर्षे सीमेवरच्या चिनी शहरात जिनसेंगच्या औषधी मुळ्यांचा व्यापारी बनून काढली होती. पडद्यावरचे प्यो छपरांवरून उड्या मारत. खऱ्या प्योंना तेव्हाही गुडघेदुखी होती. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांचा अर्ज एकच होता: ओक चांगहोला मारा.

ओक हा नदीपलीकडचा, उत्तर कोरियातला ट्रक ड्रायव्हर. प्योंना बातम्या पुरवणारा. "काठावर थांब, होडी येईल," असे प्योंनी त्याला सांगितले होते. वरिष्ठांनी होडी रद्द केली. ओक थांबला, पकडला गेला आणि त्याला गोळी घातली. सिनेमात होडी वेळेवर येते.

"प्यो साहेब, मारून बघितलं हो आम्ही त्याला," दिग्दर्शक योम कळवळून म्हणाला. "तीनशे लोकांना दाखवलं. ढसाढसा रडले. पण 'मित्रांना बघायला सांगाल का?' तर म्हणे नाही!"

"अहो, पण तो मेलाय."

"म्हणून तर वाचवतोय ना!"

अर्ज रीतसर फेटाळला गेला. ८१ टक्के प्रेक्षकांना ओक जगायला हवा होता. ७ टक्क्यांची मरणाला हरकत नव्हती, पण ते नायकाच्या मिठीत हवे होते. उरलेल्यांना ओक कोण तेच आठवेना (ते मध्येच खायला भाजलेला स्क्विड मासा आणायला गेले होते).

सिनेमा धो धो चालला. ओकच्या मरणाच्या तिथीला प्यो दरवर्षी घरी त्याच्या नावाने भात आणि सूप मांडत; दुसरे कोणी करणारे नव्हते. यंदा त्यांच्या बायकोने, मालसुनबाईंनी, शेगडीच पेटवली नाही.

"अहो, जिवंत माणसाचं श्राद्ध? काहीतरी अभद्र!"

"अगं, सिनेमा आहे तो. मी होतो ना तिथे!"

"तुम्ही नुसते होतात. मी बघितलंय. चांगला होडीत बसला. तुम्हीच तर हात धरून ओढलंत त्याला!"

हे ऐकून प्योंना क्षणभर बरे वाटले. मग त्याचीच इतकी लाज वाटली, की त्यांनी स्वतः भात शिजवायला घेतला आणि करपवला.

वाचकांनी मालसुनबाईंना खुशाल हसावे. फक्त, ओकला गोळी घातली हे वर स्वच्छ लिहिलेले असतानाही, तो शेवटी प्योंच्या दारात उभा राहील अशी आशा तुम्ही इथपर्यंत बाळगलीतच. तेवढ्या आशेवर सिनेमाचा दुसरा भाग काढायला घेतला आहे. त्यात ओकचे लग्न आहे.